फर्दापूरचा रफार

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसतोय. मधले दोन वीकेंड रिलीजने खाल्ले (ज्यांना कळलं त्यांनी एक सुस्कारा टाका, बाकीच्यांनी सोडून द्या). तिसऱ्या वीकेंडला मात्र पुण्याहून सटकलो आणि फर्दापूरला मामांकडे गेलो. काम तसं सोपं होतं. मामांच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकायचं, त्यावर एक छोटा सर्व्हर उभा करायचा, बंद पडलेली त्यांची वेबसाइट त्यात जिवंत करायची आणि मामींच्या हातची शेवभाजी हाणून रविवारी रात्रीची बस पकडायची. दोन तासांचं काम. निदान शुक्रवारी रात्री बसमध्ये बसताना तरी मला असंच वाटत होतं.

तुम्ही अजिंठ्याला गेला असाल तर फर्दापूरला नक्की थांबला आहात, फक्त तुम्हाला ते माहीत नसेल. जिथे तुमची गाडी पार्किंगला लावून तुम्हाला बसमध्ये बसवतात तो फाटा फर्दापूरचा. लेणी तिथून चारेक किलोमीटर. सगळं जग त्या फाट्यावरून डावी-उजवीकडे न बघता लेण्यांकडे जातं आणि संध्याकाळी तसंच परत जातं. गावात एक जुनी सराई आहे, तिच्याकडेही कुणी फिरकत नाही. सोयगाव तालुक्यातलं, मराठवाड्याच्या अगदी टोकाचं हे गाव. घाटाच्या खाली असल्यामुळे बोली आणि जेवण दोन्ही खानदेशाकडे झुकलेलं.

मामा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. त्यांना एक नाद होता: गावातल्या म्हाताऱ्या माणसांना बोलतं करायचं आणि वहीत उतरवून घ्यायचं. लेण्यांच्या अंधारात आरसे धरून उन्हाचा कवडसा भिंतीवर पाडणारी माणसं, सायबांच्या तंबूंना पाणी पुरवणाऱ्या घरातली माणसं, जळगाव स्टेशनवरून अँबॅसिडरमधून पाव्हणे आणणारे ड्रायव्हर. अशा दोन-अडीचशे नोंदी. त्यातली बहुतेक माणसं आता नाहीत. वह्याही नाहीत, कारण एका पावसाळ्यात माळवद गळलं आणि ट्रंकेत पाणी शिरलं. पण त्याच्या आधीच, २००६ मध्ये, माझ्या मामेभावाने म्हणजे दादाने त्या टाइप करून वर्डप्रेसवर वेबसाइट केली होती. तो तेव्हा इंजिनिअरिंगला होता आणि पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर येणाऱ्या लिनक्सच्या सीड्या हा त्याचा धर्म होता. २०१३ मध्ये होस्टिंगचे पैसे भरायचे राहिले, साइट गेली. जाता जाता दादाने डेटाबेस एका फाईलमध्ये उतरवून घेतला होता, तेवढी फाईल पेनड्राइव्हवर शिल्लक. पेनड्राइव्ह मामींच्या मेथीदाण्याच्या डब्यात. का, ते विचारू नका.

तर झालं असं, की शनिवारी सकाळी चहा झाल्यावर डेबियन टाकलं. (डेबियन १९९३ चं. इयान मरडॉक नावाच्या विद्यार्थ्याने स्वतःचं आणि तेव्हाच्या मैत्रिणीचं, म्हणजे डेब्राचं, नाव जोडून केलेलं. पुढे लग्न झालं, घटस्फोट झाला, नाव राहिलं.) इन्स्टॉल सुरळीत झालं. मोबाइलचा हॉटस्पॉट लावला, खिडकीच्या गजाला फोन बांधला कारण रेंज तिथेच येते, आणि अपडेट मारला. त्याने थंडपणे सांगितलं की ही यादी अजून वैध झालेली नाही. अजून? बघतो तर कॉम्प्युटरच्या मते २०२३ चालू होतं. मदरबोर्डवरचा सेल मेला होता. भविष्यातल्या तारखेची सही दिसली की तो कुणावर विश्वास ठेवत नाही, आणि ते बरोबरच आहे म्हणा. तारीख हाताने घातली, गाडी सुरू झाली.

मग अपाची. हे नाव माझं फार आवडतं आहे. इलिनॉयच्या एनसीएसए संस्थेत रॉब मॅकूलने वेब सर्व्हर लिहिला आणि १९९४ मध्ये तो संस्था सोडून गेला. लोकांनी आपापल्या बिघाडांना आपापली ठिगळं लावली आणि १९९५ मध्ये सगळी ठिगळं एकत्र करून जे उभं केलं ते अपाची. ठिगळांचा म्हणजे ‘अ पॅची’ सर्व्हर अशी त्या नावावरची कोटी, आणि अमेरिकेतल्या अपाची लोकांबद्दलचा आदर, अशी दोन्ही कारणं सांगितली जातात. मामींना सांगितलं तर म्हणाल्या, ‘म्हणजे गोधडी की.’ इतकी चांगली व्याख्या मला चार वर्षांच्या डिग्रीत कुणी सांगितली नव्हती.

गोधडीने सुरुवातीला ‘फोर्बिडन’ म्हणून तोंड फिरवलं, कारण मी फाईली माझ्या होम फोल्डरमध्ये ठेवल्या होत्या आणि सर्व्हर ज्या युजरच्या नावाने चालतो त्याला तिथे यायची परवानगी नव्हती. फाईली योग्य जागी हलवल्या. मारियाडीबी टाकलं, दादाची फाईल त्यात ओतली, एकही एरर नाही. नवं वर्डप्रेस जोडलं. मामांना हाक मारली. मामा चष्मा पुसत आले, खुर्चीत नीट बसले. मी पान उघडलं.

पानावर मराठी नव्हतं. तुमच्यापैकी जे २००० च्या दशकात नेटवर मराठी वाचत होते त्यांनी हे दृश्य पाहिलेलं आहे: डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, पुढे चलनाचं ते चार शिंगांचं गोल चिन्ह, मग काहीतरी तिसरं. पुन्हा ए, पुन्हा चिन्ह, पुन्हा तिसरंच काहीतरी. मधूनच जपानी येन. पानभर. मामा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘हे मी लिहिलेलं नाही.’

आता इथून पुढे जे सांगणार आहे ते मला स्वतःला त्या शनिवारी दुपारी तुकड्यातुकड्यांनी कळलं. पण तुम्हाला तारखांच्या क्रमाने सांगतो, म्हणजे सोपं जाईल.

१९८० च्या दशकात आपल्याकडे भारतीय लिप्या कॉम्प्युटरवर आणायचं काम आयआयटी कानपूरमध्ये चाललं होतं. ते ‘जिस्ट’ तंत्र पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं (सी-डॅकची स्थापना १९८८ ची). त्या सगळ्यातून ‘इस्की’ नावाचं कोष्टक तयार झालं: कुठल्या अक्षराला कुठला नंबर. क्रम आपल्या वर्णमालेचा. चंद्रबिंदू, अनुस्वार, विसर्ग, स्वर, व्यंजनं, मात्रा, आणि मात्रांच्या नंतर ते चिन्ह, जे व्यंजनाचा पाय मोडतं. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ते प्रमाण केलं, आणि त्याच वर्षी आलेल्या युनिकोडने देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरूनच घेतली. १२८ खुर्च्यांचा एक हॉल समजा. पायमोडीची खुर्ची शून्यापासून मोजली तर ७७ वी.

सप्टेंबर १९९२. न्यू जर्सीतल्या एका साध्या हॉटेलात केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक जेवायला बसले होते. युनिकोडचे नंबर बाइटमध्ये कसे भरायचे याची एक युक्ती थॉम्प्सनने ताटाखालच्या कागदावर मांडली. तीच यूटीएफ-८. (हा तोच थॉम्प्सन, ज्याने डेनिस रिची यांच्याबरोबर युनिक्स लिहिलं.) तिच्या नियमाप्रमाणे देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला तीन बाइट लागतात. पहिला कायम २२४. दुसरा, हॉलच्या पहिल्या निम्म्यात असाल तर १६४, दुसऱ्या निम्म्यात असाल तर १६५. गंमत म्हणजे ऱ्हस्व वेलांटी पहिल्या निम्म्याची शेवटची खुर्ची आणि दीर्घ वेलांटी दुसऱ्या निम्म्याची पहिली. तिसरा बाइट नेमकी खुर्ची सांगतो. पायमोडीसाठी हिशेब होतो २२४, १६५, १४१. हा १४१ लक्षात ठेवा.

१९९५. स्वीडनमध्ये मायएसक्यूएल. कंपनी स्वीडिश, म्हणून तिने गृहीत धरलेली अक्षरं पश्चिम युरोपची, म्हणजे लॅटिन-१, आणि शब्दांचा क्रम लावायचे नियम स्वीडिश. दुसरं काही सांगितलं नाही तर हेच. ही सवय त्यांनी २०१८ च्या आठव्या आवृत्तीत सोडली. आणि २००६ चं वर्डप्रेस डेटाबेसशी बोलताना ‘मी यूटीएफ-८ बोलतोय’ असं सांगतच नसे, ते सांगायची सोय २००७ च्या २.२ आवृत्तीत आली. म्हणून दादाची साइट चालत कशी होती? वर्डप्रेस मराठीचे बाइट देत होतं, डेटाबेस ते ‘असतील कुठलीतरी युरोपियन अक्षरं’ म्हणून ठेवून घेत होता, आणि मागितले की जसेच्या तसे परत देत होता. दोघांपैकी कुणालाच काही कळत नव्हतं आणि म्हणूनच सगळं व्यवस्थित चाललं होतं. मामांच्या फर्दापुरातल्या नोंदी सात वर्षं स्वीडिश वर्णमालेच्या शिस्तीत बसून होत्या!

२०१३ मध्ये डेटाबेस फाईलमध्ये उतरवताना मात्र यंत्राने शहाणपणा केला. ही लॅटिन अक्षरं आहेत, फाईल यूटीएफ-८ मध्ये हवी, चला भाषांतर करून देऊ. झालं. २२४ चा तिरक्या रेघेचा ए झाला, १६४ चं चलनाचं चिन्ह, १६५ चा येन. आणि तेच माझ्या पुढ्यात.

दुखणं कळलं म्हटल्यावर उपाय सोपा वाटला. उलटं भाषांतर करायचं. लिनक्सवर आयकॉन्व्ह नावाची कमांड आहे, ती एका कोष्टकातून दुसऱ्यात नेते. लॅटिन-१ म्हणून मायएसक्यूएल जे वापरतं ते खरं म्हणजे विंडोजचं १२५२ नंबरचं कोष्टक, एवढं मला माहीत होतं. फाईलची एक कॉपी काढली (ही सवय मला पहिल्या नोकरीत एका फार वाईट मंगळवारी लागली, ते पुन्हा कधीतरी), फक्त नोंदींचं टेबल वेगळं काढलं आणि कमांड मारली. एका सेकंदात उत्तर: ‘इल्लीगल इनपुट सिक्वेन्स’. जिथे थांबली तिथे जाऊन बघितलं. पहिली नोंद. ‘फर्दापूर हे गाव’ असं काहीतरी तिचं पहिलं वाक्य. बाहेर पडलेली मराठी अक्षरं दोन: फ आणि र.

फर. आणि पुढे अंधार.

खराच अंधार, कारण नेमकी तेव्हाच लाईट गेली. मामींनी अंगणात खाट टाकली आणि मामांनी सुरू केलं. मामांचा आवडता विषय अर्थातच रॉबर्ट गिल. मद्रास सैन्यातल्या या कॅप्टनला ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये अजिंठ्याची चित्रं उतरवून घ्यायला नेमलं. तुम्हाला तो पारोमुळे माहीत असेल, किंवा नितीन चंद्रकांत देसाईंच्या २०१२ च्या ‘अजिंठा’ सिनेमामुळे. मामांना पारोत फारसा रस नाही. ‘त्यानं काम काय केलं ते कुणी विचारत नाही,’ हे त्यांचं कायमचं गाऱ्हाणं. गिलने अनेक वर्षं घालवून मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात प्रती केल्या. त्या लंडनजवळ क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या आणि डिसेंबर १८६६ मध्ये तिथे आग लागली. बहुतेक सगळ्या गेल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन येऊ लागले. पुन्हा पहिल्यापासून. त्याही प्रती लंडनला, साउथ केन्सिंग्टनला. १८८५ मध्ये तिथेही आग आणि त्यातल्याही पुष्कळ जळाल्या.

‘दोन्ही वेळेला सगळं एकाच घरात ठेवलं,’ मामा म्हणाले. मी अंधारात मान डोलावली. माझ्या धंद्यात या वाक्याला चांगला पगार मिळतो.

टिकलं काय? गिलने नंतर कॅमेरा घेतला होता, त्या फोटोंचं पुस्तक १८६४ मध्ये निघालं, ते टिकलं. ग्रिफिथ्सचे १८९६-९७ चे दोन छापील खंड टिकले. १९०९ ते १९११ च्या दोन हिवाळ्यांत क्रिस्टियाना हेरिंगहॅम या इंग्रज बाई फर्दापुरात मुक्काम ठोकून होत्या, बरोबर तरुण नंदलाल बोस वगैरे बंगाली चित्रकार. त्यांचंही काम १९१५ मध्ये छापून निघालं. मामांच्या वहीत याच मुक्कामाच्या ऐकीव आठवणी होत्या, ज्या त्यांना एका म्हाताऱ्याने त्याच्या आजीकडून ऐकून सांगितल्या होत्या. त्या छापलेल्या कुठेच नाहीत. त्या होत्या फक्त मेथीदाण्याच्या डब्यात.

लाईट रात्री साडेनऊला आली. मी थकलो होतो आणि सकाळपर्यंत काहीतरी दाखवायचं होतं. आयकॉन्व्हला एक पर्याय देता येतो: जे जमत नाही ते गाळून टाक आणि पुढे जा. दिला. उरलेले अर्धवट बाइट काढायला पुन्हा एकदा तीच गाळणी लावली. पान उघडलं, आणि अहो आश्चर्यम्, मराठी! हुश्श करून झोपलो.

सकाळी उठलो तेव्हा मामा आधीच स्क्रीनसमोर. हातात तांबडी पेन्सिल (सवय), कागदावर काहीतरी उतरवून घेत होते. म्हणाले, ‘अरे, हा मलगा कोण?’

पुढे जाऊन बघितलं. मामांनी लिहिलं होतं, ‘एक मुलगा आरसा घेऊन झाडाखाली उभा राहायचा.’ स्क्रीनवर होतं, ‘क मलगा आरसा घेऊन ाडाखाली उभा राहायचा.’ आणि वर मथळ्यात ठळक अक्षरांत ‘फरदापूर’. मामा म्हणाले, ‘फरदापूर तर माझी आजी म्हणायची, ते चालेल. पण ाडाखाली म्हणजे कुठे?’

मग मला इटालियन लोकांची गोष्ट ऐकावी लागली. १९२० ते १९२२ मध्ये निजाम सरकारने चित्रं वाचवायला इटलीहून लोरेंझो चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोघांना आणलं. सुटत चाललेलं प्लास्टर त्यांनी भिंतीला धरवलं, ते काम मोलाचंच. पण वरून लाखेचा थरही दिला. तेव्हा रंग झळझळीत दिसले असतील. पुढे लाख पिवळी पडली, तिच्यावर धूळ आणि वटवाघळांची घाण बसली, आणि तो थर अलगद काढण्यात नंतरच्या लोकांची वर्षं गेली. ‘तू पण इटालियनच निघालास,’ मामा म्हणाले. रागावून नाही, पण मास्तर जसं वहीवर शेरा मारतात तसं.

चहा न घेताच बसलो. गळलेली अक्षरं कोणती? मामांनी कागदावर यादीच केली होती: ए, ऐ, झ, ऱ्हस्व उकार आणि सगळी जोडाक्षरं. यात व्याकरणाचा काही नियम नाही. मी प्रत्येकाचा तिसरा बाइट लिहिला. ए चा १४३. ऐ चा १४४. झ चा १५७. ऱ्हस्व उकाराचा १२९. पायमोडीचा १४१. आणि ट्यूब पेटली.

लॅटिन-१ च्या मूळ आंतरराष्ट्रीय कोष्टकात १२८ ते १५९ या ३२ जागा अक्षरांना दिलेल्याच नाहीत. मायक्रोसॉफ्टने विंडोजसाठी १२५२ करताना त्या जागांत वळणदार अवतरणचिन्हं, लांब डॅश, पुढे युरोचं चिन्ह असा माल भरला. भरता भरता सत्तावीस जागा भरल्या. पाच रिकाम्या राहिल्या. कुठल्या? १२९, १४१, १४३, १४४, १५७.

म्हणजे पुण्याच्या आणि कानपूरच्या लोकांनी वर्णमालेच्या क्रमाने पायमोडीला एक खुर्ची दिली, न्यू जर्सीच्या जेवणात त्या खुर्चीचा १४१ झाला, आणि कुठल्यातरी तिसऱ्याच टेबलावर, युरोपच्या अक्षरांचा विचार करताना, १४१ चं घर रिकामं सोडलं गेलं. तिघांपैकी एकानेही काही चूक केलेली नाही. तिघांनी एकमेकांचं नावही काढलेलं नाही. आणि तिन्ही रस्ते फर्दापूरच्या रफारावर येऊन मिळाले, कारण रफार म्हणजे पाय मोडलेला र.

मग मला गंमत म्हणून गावांची नावं तपासायचा मोह आवरला नाही. अजिंठा: सहीसलामत पास. वेरूळ: पास. जळगाव, सोयगाव, औरंगाबाद (दादाने टाइप केलं तेव्हा तेच नाव होतं): पास. फर्दापूर, सिल्लोड: जोडाक्षरात नापास. पुणे, मुंबई: ऱ्हस्व उकारात नापास. ‘मराठी’ पास आणि ‘महाराष्ट्र’ दोनदा नापास. मामा म्हणाले, ‘अजिंठा पास होणारच, त्याला सगळे सांभाळतात.’

आता उपाय. विंडोजच्या कोष्टकात ती पाच घरं रिकामी आहेत हे खरं, पण मायएसक्यूएलवाल्यांनी स्वतःच्या लॅटिन-१ मध्ये त्या पाचांना जसंच्या तसं आत-बाहेर जाऊ द्यायची सोय करून ठेवली आहे. म्हणूनच २००६ पासून एकही पायमोडी हरवली नव्हती. हरवल्या त्या मी, बाहेरची कमांड वापरून, शनिवारी रात्री. मारियाडीबी हे मायएसक्यूएलचंच भावंड, त्याच मायकेल विडेनियसने २००९ मध्ये वेगळं काढलेलं. (माय ही त्याची थोरली मुलगी, मारिया धाकटी.) घरातली सवय तिथेही तशीच. म्हणजे ज्याने गाठ मारली त्याच्याकडूनच ती सोडवून घ्यायची.

केलं ते असं. दादाची मूळ फाईल पुन्हा मारियाडीबीत ओतली, जुन्याच लॅटिन-१ टेबलांत. ओतताना भाषांतर उलटं होतं आणि आत मूळ बाइट बसतात. मग त्यालाच सांगितलं की आता फाईल बाहेर दे, पण लॅटिन-१ म्हणूनच दे, काहीही भाषांतर करू नकोस. जी फाईल बाहेर आली ती एडिटरमध्ये उघडली आणि त्यात चक्क ‘फर्दापूर’ होतं. रफारासकट. त्या फाईलीत जिथे जिथे लॅटिन-१ ची पाटी होती तिथे यूटीएफ-८ ची लावली (चार बाइटवालं, नाहीतर उद्या मामा इमोजी टाकतील आणि पुन्हा मला यावं लागेल), रिकाम्या डेटाबेसमध्ये ओतली, वर्डप्रेस जोडलं. सगळं मिळून वीस मिनिटं. शोधायला दीड दिवस.

मामांनी आरसेवाल्याची नोंद उघडली आणि मोठ्याने वाचली. पूर्ण. मामी स्वयंपाकघरातून दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या आरसेवाल्याच्या नातवाची फाट्यावर चहाची टपरी आहे, मामांनी त्याला फोन लावून स्पीकरवर परत पहिल्यापासून वाचून दाखवली. एक मुलगा, आरसा, झाडाखाली. पलीकडून बराच वेळ काहीच आवाज आला नाही, मग टपरीवरच्या गिऱ्हाइकाचा आला.

जेवायला बसणार एवढ्यात मामांनी मोबाइलवरून साइटवर ड्रायव्हरची नोंद शोधायचा प्रयत्न केला. आता त्यांना फोनवर टाइप करता येतं, त्यांनी टाकलं ‘ॲम्बॅसेडर’. काही सापडलं नाही. दादाने ‘अँबॅसिडर’ लिहिलं असेल म्हणून तेही टाकून बघितलं, एकच नोंद आली. आता मला वासच यायला लागला होता. मराठीतलं ‘ॲ’ हे अख्खं अक्षर युनिकोडमध्ये आलं २००८ मध्ये, ५.१ आवृत्तीत. दादा २००६ मध्ये टाइप करत होता. तेव्हा अ टाइप करायचा आणि त्यावर चंद्र ठेवायचा, एवढाच मार्ग होता. डोळ्याला दोन्ही सारखे, डेटाबेसला दोन वेगळे शब्द. जुन्या जोडीच्या जागी नवं अक्षर घालणारी एक ओळ लिहिली, चालवली, आणि बाकीचे ड्रायव्हर एकामागून एक हजर झाले.

निघताना त्याच फाईलीच्या तीन कॉपी केल्या. एक माझ्याकडे पुण्याला, एक दादाकडे पाठवली, एक परत मेथीदाण्याच्या डब्यात. मामांनी पेनड्राइव्हला पांढरी चिकटपट्टी लावून वर स्केचपेनने नाव घातलं.

मंगळवारी स्टँडअपच्या मधेच मामांचा फोन. लाईट जाऊन आली होती आणि साइटवर नव्या नोंदीला तारीख भलतीच पडत होती. तो मदरबोर्डवरचा सेल मी बदललाच नव्हता. सीआर २०३२ असं कागदावर लिहून घ्या म्हटलं, गोल, चपटा, घड्याळवाल्याकडे मिळेल. मामा म्हणाले, ‘थांब, पेन्सिल घेतो.’